रुग्णसाहित्य समितीचा पलंग

शेजार सेवा क्लब, आगाशी
दि. ८ ऑगस्ट १९९९

प्रति,
मा. श्री. दिनानाथ चुरी
प्रमुख, रुग्णसाहित्य समिती

महोदय,

आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात क्लबचे सर्व सदस्य सहभागी आहेत. क्लबचा हँडलचा पलंग दि. ११ मे १९९९ पासून आपल्याकडे आहे. नियम पाचप्रमाणे तेरावे झाल्यावर चौदाव्या दिवशी साहित्य परत घेतले जाते. आमच्या सदस्यांनी केव्हा यावे, ती सोयीची वेळ कृपया कळवावी. पलंग कुणाच्या ना कुणाच्या कामी येत राहावा, हीच गेलेल्या माणसाची खरी आठवण, असे आम्ही मानतो.

आपली विश्वासू,
क्षितिजा खानविलकर
सचिव

ता. क. काका, वर लिहिलंय ते सगळं तुमचंच आहे हो. फाइलमध्ये 'नमुना पत्र क्र. ३' म्हणून तुमच्या अक्षरात होतं. मी फक्त तारखा भरल्या. दोन दिवस कोरा कागद समोर घेऊन बसले, पण मला दुसरं काही सुचेना. फोन लावते तर सारखा एंगेज. जूनमध्ये सचिव झाले आणि माझं पहिलंच पत्र तुम्हाला असं जावं, याचं फार वाईट वाटतंय. द्वारकाकाकू मला केळफुलाची भाजी शिकवणार होत्या. जेवत जा, काका.

---

आगाशी
१४ ऑगस्ट १९९९

सौ. क्षितिजाताई यांस स. न. वि. वि.

पत्र मिळालं. जावक क्रमांक घालायला विसरलात. यापुढे विसरू नका. दोन वर्षांनी कुणी विचारलं की पत्र कधी गेलं, तर तो आकडाच उत्तर देतो. शाळेत एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो, म्हणून सांगतो.

नमुना पत्र क्र. ३ मी १९८६ साली लिहिलं. त्यातलं शेवटचं वाक्य तेव्हा मला फार चांगलं वाटलं होतं. बेचाळीस घरांना ते गेलं. कुणी कधी तक्रार केली नाही, म्हणून मीही बदललं नाही.

पलंगाचं असं आहे, की हँडल अडकलं आहे. पाठीकडची बाजू वर आहे ती खाली येत नाही, आणि तशा स्थितीत पलंग दारातून बाहेर निघत नाही. दुरुस्त झाला की कळवतो. पास्कलला निरोप द्या, टेम्पो तयार ठेव म्हणावं. तुम्ही नव्या आहात म्हणून सांगतो, नंदाखालचा पास्कल तुस्कानो हा आपल्या समितीचा दुसरा सदस्य. समितीत दोघेच. टेम्पो त्याचा, रजिस्टर माझं. तेरा वर्षं पलंग आम्हीच पोहोचवला आणि आम्हीच परत आणला.

फोनचा रिसीव्हर काढून ठेवला आहे. लोक फोन करतात आणि मग त्यांना काय बोलावं ते कळत नाही. मलाही कळत नाही. त्यापेक्षा पत्र बरं. मुलगा प्रणव पंधराव्या दिवशी पुण्याला परत गेला. शेजारच्या धोंडूबाई दोन्ही वेळचा डबा ओट्यावर ठेवून जातात. जेवतो. झोपही लागते. मला विशेष काही वाटत नाही. लोकांना वाटतं मी धीराचा आहे. तसंही काही नाही.

दिनानाथ चुरी

---

जावक क्र. १७/९९
विरार (प.), २९ ऑगस्ट १९९९

काका, सा. न.

जावक क्रमांक घातलाय बघा.

पंधरा ऑगस्टच्या मीटिंगला तुम्ही नव्हता. एक ऑगस्टलाही नव्हता. पुढच्या रविवारी, पाच सप्टेंबरला आला नाहीत तर सलग तीन गैरहजेऱ्या होतात आणि मला तुम्हाला 'नमुना पत्र क्र. १' पाठवावं लागेल. तेही तुमचंच आहे! हजेरी घेताना तुमचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष जितेंद्रभाई म्हणाले, "हजर लाव." मी म्हटलं, चुरीकाकांना कळलं तर ते माझं सचिवपद काढून घेतील. मग ती चौकोनी जागा कोरीच ठेवली.

बाकी क्लबचं चालू आहे. रक्तदान शिबिराला एकशे चार बाटल्या झाल्या. वह्यावाटप झालं. आमच्या कॉम्प्लेक्समधून सात नवीन मेंबर आलेत, सगळ्यांना कमिटी हवी पण रविवारी सकाळी उठायला नको.

आता मुद्द्याचं. पलंगासाठी दहा ऑगस्टपासून यादीत एक नाव आहे. नाव तुम्हाला सांगता येत नाही, नियम नऊ. 'पलंग ज्या घरी असेल त्या घराला यादीतले पुढचे नाव कळता कामा नये.' मी जितेंद्रभाईंना विचारलं, असा काय नियम? तर म्हणाले, पूर्वी एका घरी पलंगावर आजोबा होते आणि पुढच्या नंबरचे लोक रोज येऊन 'कसे आहेत आता?' विचारून जायचे. तेव्हा तुम्ही हा नियम केलात. ऐकून पटलं.

जूचंद्रचा एक मेकॅनिक आहे, आमच्या सोसायटीचे पंप बघतो. त्याला बुधवारी पाठवते. हँडल अर्ध्या तासात मोकळं करेल म्हणतो. पास्कलकाकांचा टेम्पो सध्या बंद आहे. दुसरा टेम्पो मी बघते, त्याची काळजी करू नका.

तुमची,
क्षितिजा

---

आगाशी
६ सप्टेंबर १९९९

सौ. क्षितिजाताई यांस,

मेकॅनिक आला होता. भला माणूस. त्याला चहा देऊन परत पाठवलं.

हँडल अडकलेलं नाही. मी खोटं लिहिलं. समितीच्या कामात मी पहिल्यांदाच खोटं लिहिलं, आणि लिहिताना हातही अडखळला नाही. याचं आश्चर्य वाटलं, तेवढंच.

तुम्ही नियमांची वही वाचता आहात तर नियम सहा पाहा. 'पलंग परत नेणाऱ्या सदस्याने स्वतः हँडल फिरवून पाठ खाली करावी. घरच्यांना करायला लावू नये.' हा नियम का केला ते वहीत नाही. १९८७ साली अर्नाळ्याला एका घरी पलंग आणायला गेलो. गेलेल्या माणसाच्या बायकोला मी सहज म्हटलं, वहिनी, जरा हँडल फिरवता का. ती फिरवायला लागली आणि मध्येच थांबली. हँडल हातात धरून तशीच उभी राहिली. पास्कलने तिचा हात धरून तिला बाजूला नेलं. त्या दिवशी टेम्पोत पास्कल मला म्हणाला, "दिना, तू शिकलेला आहेस, पण गाढव आहेस." संध्याकाळी मी नियम लिहिला.

तेव्हापासून प्रत्येक घरी हँडल मीच फिरवलं. पास्कल घरच्यांना घेऊन ओट्यावर जायचा, केळीच्या भावाबद्दल बोलायचा, आणि मी आत पाठ खाली करायचो. फिरवताना फेरे मोजायचो. कुणाचे चार, कुणाचे सहा. दमेकऱ्यांचे जास्त असायचे. कुठे लिहून ठेवले नाहीत, पण मला बहुतेक घरांचे आठवतात.

आता या घरात घरचा मीच आणि सदस्यही मीच. नियमात याची सोय केलेली नाही.

पास्कलही फिरकला नाही. तेराव्याला आला होता, दोन घास जेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला तो गेलाच. टेम्पो बंद असला तर पाय आहेत. नंदाखाल काय विलायत आहे का? असो. माणसं कंटाळतात.

यादीतलं जे नाव असेल ते बहुधा नव्या कॉम्प्लेक्समधलं असणार. फ्लॅटवाल्यांना मुंबईहून भाड्याने पलंग मिळतो. त्यांना थोडं थांबायला सांगा.

नमुना पत्र क्र. १ खुशाल पाठवा. माझ्या पंधरा वर्षांच्या हजेरीचं कौतुक आता पुरे.

दिनानाथ चुरी

---

जावक क्र. २१/९९
विरार (प.), १९ सप्टेंबर १९९९

काका,

फ्लॅटवाल्यांचं लिहिलंत ते मला लागलं. मीही फ्लॅटवालीच आहे. गावाकडून आले तेव्हा इथे कुत्रं ओळखत नव्हतं मला. काकूंनी क्लबच्या हळदीकुंकवाला हाताला धरून आत नेलं, म्हणून मी आज क्लबात आहे. त्यांच्यासाठी म्हणून गप्प बसते, नाहीतर चांगलं उत्तर दिलं असतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी येऊन गेले. तीनदा हाका मारल्या. तुम्ही आत होता, रेडिओ चालू होता. खिडकीतून पलंग दिसला. चादर नवीन घातलीय, उशी आहे, पाठ वर केलेली आहे, तोंड फाटकाकडे. धोंडूबाई म्हणाल्या, "तो दार उघडत नाही गं बाय, माझ्यासाठीपण नाही." मी मोदक ओट्यावर ठेवून आले.

काका, नियम सहा मी करते ना. मी सदस्य आहे. तुम्ही ओट्यावर बसा, मी आत जाऊन हँडल फिरवते. केळीचा भाव मला कळत नाही, तर ओट्यावर बोलायला धोंडूबाईंना बसवू. पाच मिनिटांचं काम आहे हो.

आता जे सांगते ते नियमात बसतं का मला माहीत नाही, नाव सांगत नाही म्हणून सांगते. तो पेशंट जमिनीवर गादीवर आहे. उजवं अंग गेलंय. पडून पडून पाठीला जखमा व्हायला लागल्यात. घरचे रात्रंदिवस करतायत, पण त्यांना उठवून बसवायचं तर दोन माणसं लागतात. मी वसईच्या क्लबला विचारलं, त्यांचा एकच पलंग आहे आणि तो दिवाळीपर्यंत अडकलाय. मुंबईहून भाड्याने आणू म्हटलं तर पेशंट मानेनेच नको म्हणतो. त्याला आपल्याच क्लबचा पलंग हवा. हट्टी आहे. तुमच्यासारखाच.

मला उगाच वाईटपणा घ्यायला लावू नका. मला पत्रं लिहिता येत नाहीत, मला तुमच्याशी भांडताही येत नाही. फक्त एक रविवार द्या.

क्षितिजा

---

आगाशी
२७ सप्टेंबर १९९९

क्षितिजाताई,

मोदक मिळाले. चांगले होते. तुम्हाला लागेल असं लिहायला नको होतं.

तुम्ही हँडल फिरवीन म्हणता. त्याआधी हे वाचा, मग ठरवा.

अठरा जुलैला तिसरा रविवार होता. द्वारकेला सकाळपासून धाप लागत होती, पण तशी ती रोजच लागायची. मी म्हटलं, आज मीटिंगला जात नाही. ती म्हणाली, "जा, नाहीतर दिवसभर इथे बसून चुळबुळ कराल. मला जरा वर करा, म्हणजे तुम्ही येताना फाटकात दिसाल." मी वर केलं. आणखी, म्हणाली. आणखी केलं. बस, म्हणाली. फेरे मोजले. सवयच ती.

मीटिंग अकराला संपली. घर सात मिनिटांवर आहे. पण चहा होता, आणि चहाला वाद निघाला, की शिबिराच्या बॅनरवर वर क्लबचं नाव घ्यायचं की अध्यक्षांचं. मी नियम काढून दाखवला. मग दुसऱ्या कुणीतरी जुना बॅनर आणून दाखवला. त्यात पाऊण तास गेला. शेवटी माझंच म्हणणं मान्य झालं.

घरी आलो तेव्हा ती फाटकाकडेच बघत होती. मी फाटकातून हात केला. आत येऊन कळलं.

डॉक्टर म्हणाले तासभर झाला असेल, कमी-जास्त. मी वेळेवर आलो असतो तरी ती गेलीच असती, हे मला कळतं. फक्त तिला मी येताना दिसलो असतो. एवढंच तिने मागितलं होतं.

ती पाठ खाली केली की तिची जागा गेली. मग त्या पलंगावर कुणीही निजू शकतं. हे सगळं मी थंडपणे लिहितो आहे ते मला दिसतंय. आतून काही येतच नाही. प्रणवला मीच फोन लावतो, तो रडतो, मी त्याला पाण्याचं बिल भरलं का विचारतो.

पितृपक्ष उठू द्या. नऊ तारखेला सर्वपित्री आहे, तिचं पान वाढतो. दहाला घटस्थापना, रविवार आहे. त्या दिवशी या आणि पलंग न्या. हँडल तुम्हीच फिरवा. मी शब्द देतो. तेवढे तेरा दिवस त्या पेशंटला थांबायला सांगा. आता तेरा दिवसांनी काय बिघडतंय?

दिनानाथ

---

आगाशी, ४ ऑक्टोबर १९९९
सकाळी सव्वासात

काका,

हाका मारून थकले. हे दाराखालून आत सरकवते आहे. जावक क्रमांक नाही.

पास्कलकाका गेले. पहाटे. आज चार वाजता नंदाखालला माती आहे.

यादीतलं नाव त्यांचं होतं. नऊ ऑगस्टला बागेत पाणी सोडताना पडले, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दहाला एडवर्डने येऊन वडिलांचं नाव लिहिलं. मी तेव्हाच तुमच्याकडे यायला निघाले होते. पण आधी त्यांना भेटायला गेले आणि म्हटलं, चुरीकाकांना सांगते, ते लगेच देतील. त्यांनी डाव्या हाताने नातवाची पाटी मागितली. वाकडंतिकडं लिहिलं, 'नियम ९'. आणि माझ्याकडे बघत राहिले. मी प्रत्येक वेळी गेले की विचारायचे, सांगू का? ते पाटीवर बोट ठेवायचे. पाटी पुसूच देत नव्हते कुणाला.

एडवर्ड दोनदा माझ्यावर चिडला. म्हणाला, पाटी गेली खड्ड्यात, मी जाऊन चुरीकाकांच्या दारात बसतो. बापाने त्याला डोळ्यांनीच दटावून बसवलं.

मी सांगायला हवं होतं. 'टेम्पो बंद आहे' असं लिहिलं तेव्हा पुढचं वाक्य लिहून खोडलं होतं. मला राग येतोय, तुमचा, त्यांचा, त्या वहीचा आणि सगळ्यात जास्त माझा. कसली सेवा करतो आपण? एक पलंग दोन किलोमीटर नेता आला नाही.

यादीत आता दुसरं एक नाव आहे. घाई नाही, दहा तारखेलाच येते.

क्षितिजा

---

आगाशी
१० ऑक्टोबर १९९९

क्षितिजा,

आता अहो-जाहो करत नाही. वयाने लेकीसारखी आहेस.

त्या दिवशी मी मातीला आलो, तू पाहिलंस. तू बोलायला आलीस आणि मी पुढे गेलो. चालत गेलो होतो. जुलैनंतर फाटकाबाहेर पहिल्यांदा पडलो. शर्ट सापडेना म्हणून खुंटीवरचा अडकवला, तो अठरा तारखेचाच निघाला. खिशावर क्लबचा बिल्ला तसाच होता. चर्चच्या पायरीवर कुणीतरी म्हणालं, क्लबतर्फे चुरी आले.

सगळं उरकल्यावर एडवर्डने मला घरात नेलं. पास्कल जिथे होता ती खोली दाखवली. मीच म्हटलं होतं, दाखव. गादीवर उशाशी एक लाकडी खुर्ची उलटी घातली होती. तिच्या पाठीला जुनं गोणपाट आणि वर उशी बांधलेली. त्याला टेकून बसवायचे. खुर्ची सरकू नये म्हणून तिच्यामागे मिठाच्या दोन पिशव्या ठेवल्या होत्या. दोन महिने पास्कल त्या खुर्चीला टेकून बसला, आणि इथे पलंगावर मी नवी चादर घालत होतो.

तू लिहिशील की त्याने स्वतःच नको म्हटलं. ते मला सांगू नकोस. त्याला माहीत होतं, कळलं असतं तर मी त्याच दिवशी पलंग नेला असता, आणि मला तो असा, ओढून नेल्यासारखा द्यावा लागू नये म्हणून तो गप्प राहिला. त्याने माझ्यासाठी केलं. मी मात्र लिहिलं, माणसं कंटाळतात. मी लिहिलं, तेरा दिवसांनी काय बिघडतंय. ती दोन्ही पत्रं फाइलला लाव. काढून टाकू नकोस.

पाटी एडवर्डने मला दिली. आणि टेम्पोची किल्ली दाखवून म्हणाला, "काका, हा क्लबचाच आहे. सांगाल तेव्हा येतो." त्याने पलंगाबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

काल द्वारकेचं पान वाढलं. शेजारी एक पास्कलचंही वाढलं. चालतं की नाही कुणाला विचारलं नाही. दुपारी आत गेलो आणि हँडल फिरवलं. अकरा फेरे. इतके कुणाचेच नव्हते. मला वाटत होतं, शेवटच्या फेऱ्याला काहीतरी होईल. काही झालं नाही. पलंग सपाट झाला. लोखंडी पलंग असतो तसा दिसायला लागला. मग मी त्याच्या कडेला बसलो आणि मला रडू आलं, पण ते पास्कलसाठी आलं. द्वारकेसाठी अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

म्हणून तू आज हँडल फिरवायला येऊ नकोस. ते झालं आहे. पलंग पुसून ठेवला आहे, गादीला ऊन दाखवलं आहे. रजिस्टरला घर क्रमांक त्रेचाळीस म्हणून माझं नाव लिहून समोर 'परत' लिहिलं. त्याखालची ओळ पास्कलची म्हणून कोरी सोडली आहे. ती भरायची नाही.

नियम नऊ मी वहीत आडवी रेघ मारून खोडला. सभेची मंजुरी नंतर घे. कुणी विरोध केला तर मी उठून बोलेन. नियम सहा तसाच राहू दे, पण तो तुला शिकवायचा आहे. हँडल हळू फिरवायचं आणि तेवढा वेळ घरच्यांकडे बघायचं नाही. ओट्यावर काय बोलायचं ते एडवर्डला उपजत येतं.

हे पत्र धोंडूबाईंच्या नातीबरोबर पाठवतो आहे. एडवर्डला निरोप धाडला आहे, तो टेम्पो घेऊन निघाला असेल. पुढचं नाव कुणाचं आहे, ते तिच्याचकडे चिठ्ठीवर लिहून दे. पत्ता नीट लिही. मी फाटकात उभा आहे.

दिनानाथ